रोज खिशात ठेवायला लॉकचा, जुन्या वळणाचा चाकू: ओपिनेल की बक?

बागवाला_दिंडोरी:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षाची बाग आहे. दिवसभरात चाकू किती वेळा लागतो त्याला हिशेब नाही. सुतळी, खताच्या गोणीची शिवण, क्रेटवरची पट्टी, दुपारी बांधावर कांदा नाहीतर पेरू. इतकी वर्षं यात्रेत घेतलेला साधा घडीचा चाकू वापरला. त्याला लॉक नाही, नुसती स्प्रिंग. गेल्या महिन्यात ठिबकच्या नळीला भोक पाडायला टोक दाबलं आणि पातं मिटून बोटावर आलं. तर्जनीला तीन टाके पडले. आता लॉकचाच घ्यायचा, हे पक्कं.

आतेभाऊ फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असतो, दिवाळीत येतोय. तो म्हणतो, ओपिनेल आणतो, आमच्या शेजारच्याच डोंगरातला आहे. माझ्या मनात मात्र बक ११० भरलाय, ती पितळी टोकं आणि काळपट लाकूड. लाकडी मुठीचा, दोन्ही हातांनी उघडायचा चाकू हवा. बाजारात चारचौघांत काढला तर कुणी दचकू नये. कुठला घेऊ?

घाटवाटा:
ओपिनेल ८ नंबर. माझ्याकडे अकरा वर्षं आहे. पातं साडेआठ सेंटीमीटर, वजन जेमतेम ५० ग्रॅम, शर्टाच्या खिशात टाकला तरी खिसा लोंबत नाही. १८९० साली फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ भागातल्या जोसेफ ओपिनेलनं बनवलेला हा शेतकऱ्या-गुराख्यांचाच चाकू. सुरुवातीला त्यालाही लॉक नव्हतं, फिरणारं कडं १९५५ मध्ये आलं. कडं फक्त ६ नंबरापासून पुढच्या चाकूंना असतं. भावाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर छोटा दिसतो म्हणून ५ नंबर उचलेल.

पातं उघडायचं, अंगठ्यानं कडं फिरवायचं. कड्याची फट बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला लोखंड आडवं येतं, बस. २००० सालापासूनच्या चाकूत मिटलेलं पातंही तसंच अडकवून ठेवता येतं, म्हणजे खिशात उघडायची भीती नाही. आणि पातं इतकं पातळ की पेरूची फोड कापली जाते, फुटत नाही. जाड पात्याचे चाकू पाचरीसारखे घुसतात, तो फरक हाताला लगेच कळतो.

मात्र कडं आपोआप फिरत नाही. फिरवायचं राहिलं तर तुमच्या आधीच्या चाकूत आणि यात काही फरक उरत नाही. पातं उघडलं की लगेच कडं, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावा.

पितळीमूठ:
बक ११० मी सहा वर्षं पट्ट्याला लावतोय, त्याची बाजू मी सांगतो. १९६४ पासूनचा हा अमेरिकन शिकाऱ्यांचा चाकू. उघडला की पाठीवरची पट्टी खटकन खाचेत बसते, वेगळं काही करावं लागत नाही. बोट कापून घेतलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे. पण वजन २०० ग्रॅम! खिशात अजिबात राहत नाही, चामड्याच्या म्यानातच ठेवावा लागतो. धाकटा ११२ घेतला तरी १६० ग्रॅमच्या आसपास जातो.

तुमच्या कामात दुसरी अडचण येईल. माती आणि फळांचा रस पट्टीखालच्या खाचेत जाऊन बसतो. मग पट्टी पूर्ण खाली येत नाही आणि लॉक अर्धवट लागतं. मी उघडल्यावर दरवेळी अंगठा फिरवून बघतो, पट्टी पाठीच्या सपाटीला आली की नाही. रविवारी टूथपिकनं खाच कोरून थेंबभर तेल सोडतो. एवढं करायची तयारी असेल तर बक जन्माला पुरेल. खिशातच हवा असेल तर मी स्वतः ओपिनेल सुचवेन.

आणि दादा, लॉक आलं म्हणून नळीला चाकूनं भोक पाडू नका. त्याला दुकानात होल पंच मिळतो. टोकावर जोर देणं, पातं पिळणं, डबा उचकटणं यानं कुठलंही लॉक सैल होतं.

म्युनिककर:
दोन्ही हातांनी उघडायचा चाकू मागितलात, ते योग्यच. इथे जर्मनीत एका हातानं उघडणारा आणि लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. ओपिनेल दोन हातांनी उघडतो, म्हणून या बंदीत येत नाही. इंग्लंडमध्ये उलट, तिथे लॉक असलं की पातं कितीही छोटं असो, कारण द्यावं लागतं. तिथे कुणी पाहुणे असतील तर त्यांना हा चाकू भेट देऊ नका. भाऊ विमानानं येणार, तेव्हा चाकू चेक-इन बॅगेतच.

घाटवाटा:
आपल्याकडचंही सांगतो. शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा विषय येतो, आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असले तर चाकू जवळ बाळगण्यावरही बंदी येते. सणासुदीला किंवा निवडणुकीत शहरात जाताना चाकू घरीच ठेवा. बागेत काही प्रश्न नाही.

बागवाला_दिंडोरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मग ओपिनेलच. कार्बनचं पातं घेऊ की स्टेनलेस? आणि खुंटावर कलमं भरायलाही तोच चालेल का?

कलमवाले_काका:
कलमाला नको, बाळा. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार असते, म्हणून काडीचा काप सपाट येतो. दोन्हीकडून धार असलेलं पातं काप घेताना भरकटतं, पाचर खुंटात नीट बसत नाही आणि फट राहते. शिवाय ज्या चाकूनं दुपारी कांदा चिरला, तो काडीला लावायचा नाही. कलमाचा चाकू वेगळा ठेव.

घाटवाटा:
तुम्हाला स्टेनलेसच. कार्बनला धार झटकन लागते, माझा तोच आहे. पण कैरी किंवा लिंबू कापलं की पातं काळं पडतं आणि ओलं ठेवलं तर रात्रीत गंज दिसतो. तुमचा हात दिवसभर रसात आणि फवाऱ्यात.

लाकडाची काळजी मात्र दोन्हींत सारखीच. मूठ बीच लाकडाची, ती पाणी पिते. जुलैत हरिश्चंद्रगडावर माझी मूठ इतकी फुगली की नखानं पातं निघेना. तेव्हा सावोयवाल्यांची युक्ती कामी आली: कडं मोकळं करायचं आणि मुठीचं बूड दगडावर हलकेच ठोकायचं, पातं नखाला धरण्याइतकं बाहेर येतं. घरी आल्यावर मूठ सावलीत चार दिवस वाळवली. एका पातळ पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून आतली खाच किंचित मोकळी केली आणि जवसाचं तेल तीनदा चोळलं, प्रत्येक वेळी रात्रभर मुरू देऊन. त्यानंतरचे पावसाळे मूठ थोडी घट्ट होते, पण अडकत नाही. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

बागवाला_दिंडोरी:
भावाला निरोप धाडला: ८ नंबर, स्टेनलेस, चेक-इन बॅगेत. एक आईसाठीपण सांगितलाय, ती घेवडा निवडायला बसते तेव्हा माझाच चाकू पळवते. तिच्या बोटांना कडं फिरवायला जड जाईल का?

घाटवाटा:
नवं असताना जरा घट्ट असतं. कड्याच्या आत थेंबभर खोबरेल सोडा आणि त्यांच्या हाती देण्याआधी तुम्ही पन्नासेक वेळा फिरवून घ्या.