खंडेनवमीच्या पूजेचे यजमानपद आणि ख्रिस्ती शॉप इन्चार्ज : मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात नोकरीला आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग आणि थोडे प्रेसचे काम आमच्याकडे होते. आजवर मी तपासणी विभागात होतो. यंदा उन्हाळ्यात मालकांनी मला शॉपचा इन्चार्ज केले. आम्ही मराठी ख्रिस्ती, मेथडिस्ट मंडळीचे सभासद. (मूळचे गोव्याचे का, असे हमखास विचारले जाते म्हणून सांगतो : नाही. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० पासूनचे आहे आणि आमच्या कित्येक पिढ्या याच भागात गेल्या.)

अडचण खंडेनवमीची आहे. आदल्या पाळीत सगळी यंत्रे डिझेलने पुसून स्वच्छ करतात, लेथला आणि प्रेसला झेंडूच्या माळा व उसाची कांडी बांधतात, आणि मग शॉपचा इन्चार्ज यजमान या नात्याने प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू लावतो, नारळ वाढवतो, आरती ओवाळतो आणि शेवटी फाटकात कोहळा फोडतो. लगेच त्याच्याच हातून बोनसची पाकिटे आणि मिठाईचे पुडे वाटले जातात. तपासणी विभागात असताना यंत्रे पुसायला मी सर्वांच्या बरोबरीने असायचो आणि आरतीच्या वेळी मागच्या रांगेत शांत उभा राहायचो. कुणी कधी टोकले नाही. आता मात्र ताट माझ्याच हातात येणार आहे.

त्या दिवशी रजा टाकावी, असे घरच्यांचे मत आहे, पण ते मला पटत नाही. वर्षातला तो एकच दिवस असा असतो, की मालक आणि हेल्पर एका ओळीत बसून चिरमुरे खातात. इन्चार्ज नेमका तेव्हाच गैरहजर राहिला, तर साहेबांना आपला सण चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ लावला जाईल. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आमच्या प्रेसवरच्या मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे जुन्या नोकरीत गेलेली आहेत. प्रेसच्या पायाशी लिंबू ते स्वतः ठेवतात, दुसऱ्या कुणाला ठेवू देत नाहीत. त्यांच्या या भीतीकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणे मला शक्य नाही. माझ्या परीने मी तिला कामातूनच उत्तर देतो : प्रेसचा गार्ड काढू देत नाही, आणि नग वाढावेत म्हणून दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून असलेल्या दोन बटणांपैकी एक बांधून ठेवण्याची जी सवय पूर्वी होती, ती मी इन्चार्ज होताच बंद केली. तरीही मी पूजा नाकारली आणि वर्षभरात कुणाला इजा झाली, तर बोट कुणाकडे दाखवले जाईल, हे सांगायला नको.

पवित्र शास्त्रात शोधताना २ राजे ५ मधला, अरामाच्या राजाचा सेनापती नामान वारंवार समोर येतो. धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा असावी, असे तो म्हणतो आणि अलीशा संदेष्टा त्याला शांतीने जायला सांगतो. आमच्या मंडळीतील एक वडीलधारे हाच दाखला देऊन ‘हात जोडून मोकळे व्हा’ असे सुचवतात. मला मात्र वाटते, की तिथे पूजा करणारा राजा होता आणि नामान त्याला आधार देणारा सेवक होता. इथे पूजा करणारा मीच ठरतो. याउलट बंदिवासातल्या दानिएलाने राजाचे अन्न नाकारले, पण अधिकाऱ्याला विनंती करून आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवून. नाकारण्याची ही रीत मला शिकायची आहे.

आणखी एक संकोच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने इथेच, बेळगावातल्या सुवर्णसौधात (विधिमंडळाच्या इमारतीत), मंजूर केले, तेव्हापासून आजारी सहकाऱ्याला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ म्हणतानाही मी दोनदा विचार करतो. कायदा मागे घेण्याचे मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये ठरवले, पण चहाच्या टपरीवरचा संशय मंत्रिमंडळाला विचारून जात नाही. माझ्या नकाराला प्रचाराचा वास येऊ नये, अशी इच्छा आहे.

अशा प्रसंगातून प्रत्यक्ष गेलेल्यांनी कृपया सांगावे : मालकांशी केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोललात, आणि कामगारांना कोणी सांगितले? मूर्तिपूजा योग्य की अयोग्य हा वाद इथे नको, नोकरी सोडण्याचा सल्लाही नको.

प्रतिसाद (शहापूर, निवृत्त फाउंड्री कामगार) :
इन्चार्जसाहेब, मी हिंदू आहे, तरी लिहितो. आमच्याकडे यजमानपद सर्वांत जुन्या कारागिराकडे असे, मग साहेब कोणत्याही जातीधर्माचा असो. तुमच्या प्रेसवरच्या मामांना तो मान द्या. मात्र गणपतीच्या आधीच सांगा. ऐन वेळी ताट पुढे केलेत, तर नकोसे काम गळ्यात मारल्यासारखे होईल. बोनस तुम्हीच वाटा. आणि कोहळा फोडल्यावर फाटकातला गर लगेच काढायला लावा, आमच्याकडे त्यावरून हातगाडी घसरली होती.

प्रतिसाद (निपाणी) :
बंधू, सलाम. वरचा मार्ग चांगला आहे, पण खरे कारण लपवून तो वापरू नका. ज्येष्ठांचा मान म्हणून पुढे केले आणि कारण नंतर कळले, तर मामांना आपण वापरले गेलो असे वाटेल. प्रसादाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी १ करिंथ १० पुन्हा वाचा : समोर ठेवलेले विचारपूस न करता खावे, मात्र ते नैवेद्याचे आहे असे कुणी सांगितल्यास सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नये, असे पौल म्हणतो. चिरमुऱ्यांच्या ओळीत बसण्याआधी हे ठरवून ठेवा.

मूळ लेखक :
दोघांचेही मनापासून आभार. मालकांना या आठवड्यातच भेटतो आणि कारण स्पष्ट सांगतो. त्यांची हरकत नसेल, तर मामांशी मी स्वतः, त्यांच्या घरी जाऊन बोलेन. प्रसादाचे मात्र अजून ठरत नाही, कारण आमच्याकडे तो पानात वाढत नाहीत, ‘प्रसाद घ्या’ म्हणूनच हातावर ठेवतात. त्या क्षणी आपण काय करता, हे आणखी कुणी लिहिले तर बरे होईल.