मदत हवी आहे : एमआरआयमध्ये मॅरोचा (हाडातल्या मज्जेचा) सिग्नल बदललाय, आजार उलटला असेल का?

मुलगी ११ वर्षांची, एएलएल (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार). डेक्सा (स्टिरॉइड) असलेला जड केमोचा टप्पा संपून नुकतंच मेंटेनन्स (नंतरची हलकी केमो) सुरू झालंय. मध्ये रक्ताचे काउंट फार खाली गेले तेव्हा जी-सीएसएफची (पांढऱ्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनंही झाली. आता गुडघे दुखतात. स्टिरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो, १० वर्षांपुढच्या मुलांत हे जास्त होतं आणि एक्स-रेत उशिरा कळतं, म्हणून एमआरआय केला. ते निघालं नाही, हुश्श!

पण खाली लिहिलंय : दोन्ही मांड्यांच्या हाडांत मॅरोचा सिग्नल टी१वर कमी, स्टिरवर जास्त, रिकन्व्हर्जन की इन्फिल्ट्रेशन, लक्षणांशी ताडून पाहावे. (टी१, स्टिर हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार.) रक्तात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) नाहीत. डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर जीव टांगणीला. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि सुईचा तिने धसका घेतलाय, मॅरो न काढता एमआरआयवरच भागेल का?

प्रतिसाद १
रेडिओलॉजीत काम करते. फिल्म न बघता निदान सांगणार नाही, वाक्याचा अर्थ तेवढा सांगते. एमआरआयला ब्लास्ट ओळखता येत नाहीत, त्याला कळतं चरबी किती आणि पाणी किती. मूल वाढतं तशी लाल (रक्त बनवणारी) मज्जा चरबीची होत जाते, आधी हातापायांच्या टोकांकडे, धडाकडे शेवटी. ती परत लाल होणं म्हणजे रिकन्व्हर्जन, तिच्यात ल्युकेमियाच्या पेशी शिरणं म्हणजे इन्फिल्ट्रेशन. चरबी टी१वर उजळ दिसते. मज्जेत पेशी दाटल्या की हाड काळपट दिसतं, मग त्या ल्युकेमियाच्या असोत की जी-सीएसएफने वाढवलेल्या निरोगी. (तान्ह्या बाळाचं तर काहीच बिघडलेलं नसताना काळपट दिसतं.) मज्जा शेजारच्या स्नायूहूनही काळी असेल किंवा हाडाचं टोक, म्हणजे एपिफिसिसही बदललं असेल, तर संशय वाढतो. रिपोर्ट लिहिणाऱ्याला जी-सीएसएफच्या तारखा माहीत होत्या का? फॉर्मवर बरेचदा नुसतं 'एएलएल, गुडघेदुखी' असतं.

सुईबद्दल : नाही, भागणार नाही. मॅरोवर होणारी एमआरडी (उपचारानंतर उरलेल्या आजाराची) तपासणी १०,००० पेशींत १ वाईट पेशी शोधते, एमआरआय त्याच्या जवळपासही जात नाही.

प्रतिसाद २
आमच्या मुलाचंही असंच झालं होतं. मॅरो काढायचं ठरलंच तर पाठीतल्या केमोच्या इंजेक्शनच्या दिवशी त्याच भुलेत होईल का, हे विचारा. मेंटेनन्समध्ये ती इंजेक्शनं चालू असतातच. आमच्या पोराला कळलंसुद्धा नाही.

मूळ प्रश्नकर्ता
तारखा फाइलमधून काढून आत्ताच कळवल्या, रिपोर्ट पुन्हा बघतो म्हणालेत. कॉन्ट्रास्ट देऊन परत स्कॅन करावा लागेल का?

प्रतिसाद १
एवढ्यासाठी सहसा नाही. मज्जेत चरबी शिल्लक आहे का हे इन-फेज आउट-ऑफ-फेज नावाच्या सिक्वेन्सवर कळतं, त्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही. तो आधीच झालाय का, विचारून घ्या.