गुपित लांबवायला हरकत नाही, पण सांगायची धडपड दिसायला हवी

नायिका गुपित दडवून ठेवते अशा कादंबऱ्यांबद्दल ‘एका वाक्यात मिटलं असतं ते तीनशे पानं ताणलं’ अशी तक्रार होते, आणि ती रास्त आहे. पण दोष गुपित लांबवण्यात नाही. नायिका सांगायची धडपडच करत नाही, म्हणून वाचक चिडतो. इंग्रज लेखक थॉमस हार्डीच्या ‘टेस’ या कादंबरीत (१८९१) हे फार नेटकं बांधलंय. गोठ्यावर राबणारी टेस आपला भूतकाळ, म्हणजे पूर्वी दुसऱ्या पुरुषाशी आलेला संबंध, चार पानी चिठ्ठीत लिहून होणारा नवरा एंजल याच्या दाराखालून आत सरकवते. घाईत चिठ्ठी जाते सतरंजीच्या खाली. तो पूर्वीसारखाच प्रेमानं वागतो, तेव्हा तिला वाटतं, वाचून माफ केलं असावं. लग्नाच्या दिवशी तीच चिठ्ठी न फोडलेली हाती लागते! ती तोंडी सांगू पाहते, तर तोच म्हणतो, नंतर बोलू.

लग्नाच्या रात्री आधी तो कबुली देतो: लंडनमध्ये एका परक्या बाईसोबत घालवलेले ४८ तास. टेस लगेच माफ करते. मग तिची कबुली द्यायची वेळ येते, आणि तो मात्र पाठ फिरवतो. कबुल्यांचा हा क्रम उलटा करून बघा, प्रसंगातला अन्याय निम्मा विरघळतो. विश्वास खरा मोडतो तो या दोन मापांमुळे, नुसत्या लपवाछपवीमुळे नाही.