मदत हवी आहे : भरपूर पोर्ट असलेला लॅपटॉप सुचवा

मंडळी, मी सीए फर्ममध्ये जीएसटीची कामं बघतो. ऑफिसने नवा लॅपटॉप दिलाय. दिसायला एकदम झकास, पण पोर्ट म्हणाल तर फक्त दोन टाइप-सी, तेही एकाच बाजूला. आमच्या क्लायंटच्या डिजिटल सहीची टोकनं (पेन ड्राइव्हसारखी असतात ती) सगळी जुन्या चपट्या यूएसबीची. एका पोर्टाचे अनेक करणारा हब लावला तर टोकन मध्येच डिस्कनेक्ट होतं आणि नेमकं पिन टाकल्यावरच! कहर म्हणजे दोन पोर्टपैकी एकातूनच मॉनिटरला डिस्प्ले मिळतो. दिसायला दोन्ही सारखे, शेजारी साधी खूणसुद्धा नाही. लॅन पोर्ट नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे 8 जीबीवरच जन्म काढायचा. एवढं बारीक करून कुणाला काय मिळतं देव जाणे, पिशवीत हब, अ‍ॅडॉप्टर आणि वायरी वाहतोय मीच.

बॉस बदलून द्यायला तयार आहेत. दोन-तीन चपटे यूएसबी, एचडीएमआय, लॅन आणि रॅम वाढवता येईल असं 14 इंची मॉडेल कोणी रोज वापरतंय का? जाडी-वजन कितीही चालेल. रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घ्यावा का? आणि तोवर, स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या हबवर टोकन टिकतं का? वापरणाऱ्यांनीच सांगा, प्लीज.