लोउ जिवेई : नौदल ते अर्थमंत्रिपद, ही कारकीर्द कशी वाचावी?

देवगडची_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. मी देवगडला घरीच राहून राज्यसेवेची तयारी करते. सार्वजनिक वित्त हा माझा सगळ्यात कच्चा विषय. नुसत्या व्याख्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून परदेशातल्या एखाद्या अर्थमंत्र्याची कारकीर्द धरून विषय समजून घ्यायचं ठरवलं आणि चीनचे लोउ जिवेई यांच्यापाशी येऊन अडकले.

१९५० चा जन्म. १९६८ मध्ये नौदलात भरती. १९७८ ते १९८२ छिंगह्वा विद्यापीठात संगणकशास्त्र. नंतर अर्थशास्त्र, सरकारी कचेऱ्या, एका गरीब प्रांताचे व्हाइस गव्हर्नर, अर्थखात्याचे उपमंत्री, सार्वभौम गुंतवणूक निधीचे (देशाचा पैसा गुंतवणाऱ्या सरकारी निधीचे) अध्यक्ष आणि २०१३ मध्ये अर्थमंत्री. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते पद गेलं.

तारखा पाठ झाल्या, पण धागा सापडत नाही. यातला कुठला काळ महत्त्वाचा? आणि २०१६ मध्ये त्यांना स्पष्ट बोलणं भोवलं का? जाणकारांनी कृपया लिहावं.

---

निवृत्त_लेखापाल_दापोली

१९९२ ते १९९५ हा काळ आधी घे. पुढचं सगळं तिथून निघतं.

माझी नोकरी नगरपरिषदेच्या लेखा विभागात झाली. त्यामुळे अर्थखात्यातला कुठलाही माणूस असो, मी पहिल्यांदा एवढंच बघतो की पैसा गोळा कोण करतो आणि खर्च कोणाच्या गळ्यात पडतो. लोउंची कारकीर्द मला मोलाची वाटते ती यासाठी, की हा माणूस या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना बसून आला.

त्या वर्षांत ते आर्थिक व्यवस्था सुधारणा आयोगात विभागप्रमुख होते आणि वर होते उपपंतप्रधान झू रोंगजी. झू शांघायचे महापौर असताना लोउ तिथल्या सुधारणा कार्यालयात होते. केंद्राची तिजोरी तेव्हा रिकामी होत चालली होती. ऐंशीच्या दशकात प्रांतांशी वेगवेगळे करार झाले होते : ठरलेली रक्कम वर पाठवा, उरलेली ठेवा. मग प्रांतांनी जास्त वसूल करून केंद्राला का दाखवावं? १९९३ मध्ये एकूण सरकारी महसुलापैकी केंद्राकडे जेमतेम २२ टक्के येत होता. १९९४ पासून करवाटपाची नवी पद्धत आली. व्हॅटचा (मूल्यवर्धित कराचा) ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के स्थानिकांचा. पहिल्याच वर्षी केंद्राचा हिस्सा ५५ टक्क्यांच्या पुढे गेला. इतकी मोठी उलथापालथ एका वर्षात, तीही कागदावर नाही तर प्रत्यक्ष जमेत, फार थोड्या देशांनी केली असेल.

प्रांत तयार कसे झाले, हा भाग मुद्दाम वाच. १९९३ च्या उत्तरार्धात झू अधिकाऱ्यांचा ताफा घेऊन प्रांतोप्रांती फिरले. श्रीमंत ग्वांगदोंगची अट होती की आमच्या जुन्या उत्पन्नाची हमी १९९३ हे मूळ वर्ष धरून द्या. केंद्राने ते मान्य केलं, आणि वर्ष अजून संपलेलं नव्हतं! उरलेल्या महिन्यांत स्थानिक वसुली एकदम वर चढली. जुनी थकबाकी निघाली, पुढचा कर आगाऊ घेतला गेला, कारण जेवढी वसुली दाखवू तेवढी हमी कायमची मोठी होणार. आपल्याकडे जीएसटीमुळे राज्यांना द्यायच्या भरपाईसाठी २०१५-१६ हे मूळ वर्ष आणि १४ टक्के वार्षिक वाढ धरली गेली, पण हा निर्णय ते वर्ष सरल्यावर झाला. हा फरक उत्तरात मांडलास तर परीक्षकाला कळेल की तू विषयाच्या आत शिरली आहेस.

आता दुसरी बाजू. उत्पन्न केंद्राकडे गेलं, पण शाळा, दवाखाने, रस्ते, निवृत्तिवेतन हा खर्च स्थानिकांकडेच राहिला. आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. रस्त्यावरची झाडं उचलणं, पाण्याच्या योजना पुन्हा चालू करणं हे त्याच दिवसापासून गावाला आणि शहरालाच करावं लागलं. पैसा वरून यायचा तेव्हा आला. चीनमधल्या जिल्ह्यांची अडचण रोजची होती. त्यांना स्वतःच्या नावाने कर्जही काढता येत नव्हतं, कारण तेव्हाच्या अंदाजपत्रक कायद्यात तशी सरसकट मनाई होती. मग त्यांनी दोन वाटा काढल्या. शहरी जमिनीचे वापरहक्क विकायचे, आणि एखादी कंपनी उभारून तिच्या नावावर कर्ज घ्यायचं.

१९९५ ते १९९८ लोउ स्वतः ग्वीझोऊ या डोंगराळ, गरीब प्रांतात व्हाइस गव्हर्नर होते. म्हणजे वाटपाचा नियम घडवण्यात हात होता आणि पाठोपाठ त्याच नियमाखाली प्रांत चालवायचा होता.

पुढे १९९८ ते २००७ अर्थखात्यात उपमंत्री. २००७ मध्ये २०० अब्ज डॉलरचा चायना इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन हा निधी त्यांच्या हाती आला. ब्लॅकस्टोन आणि मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्त कंपन्यांत अनुक्रमे ३ अब्ज आणि ५ अब्ज डॉलर गेले आणि २००८ च्या मंदीत दोन्ही शेअर आपटले. तुझ्या विषयासाठी यावर दोन ओळी पुरे.

---

गुहागरचा_दर्यावर्दी

लेखापाल काकांनी पाया घातलाच आहे. मी व्यापारी जहाजांवर असतो, चीनच्या निंगबो आणि छिंगदाओ बंदरांत बऱ्याचदा जाणं झालं. बंदराबाहेर पडलं की रिकाम्या इमारतींच्या रांगाच्या रांगा दिसायच्या, रात्री एकाही खिडकीत दिवा नाही. हे पैसे आणले कुठून, हा माझाही प्रश्न होता. जमीनविक्रीचं वाचलं आणि उलगडा झाला.

२०१६ बद्दल : मंत्र्यांसाठी तिथे साधारण ६५ वर्षांची मर्यादा पाळतात आणि लोउंनी ती ओलांडली होती. त्यामुळे एकट्या स्पष्टवक्तेपणावर बोट ठेवणं मला पटत नाही. पण ते बोलायचे हे खरंच. मंत्री असताना एप्रिल २०१५ मध्ये छिंगह्वात त्यांनी सांगितलं होतं की पुढच्या पाच-दहा वर्षांत चीन मध्यम उत्पन्नाच्या सापळ्यात (गरिबीतून वर येऊनही श्रीमंत देशांत न पोचता मधेच) अडकण्याची शक्यता निम्मी आहे. कामगारांना नोकरीचं संरक्षण देणाऱ्या २००८ च्या कामगार करार कायद्यावर त्यांनी उघड टीका केली. तिथे मी लोउंच्या बाजूचा नाही. करारावर काम करणाऱ्या माणसाला संरक्षण किती लागतं ते आम्हा खलाशांना विचारा.

मंत्रिपदानंतर ते राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा निधीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१९ मध्ये 'मेड इन चायना २०२५' या औद्योगिक धोरणात करदात्यांचा पैसा वाया गेला असं बोलले, आणि एप्रिलमध्ये ते पदही गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा म्हणाले की सरकारी आकडेवारीत अर्थव्यवस्थेतले वाईट बदल पुरेसे दिसत नाहीत. सत्तरी गाठलेल्या, त्याच व्यवस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाने हे जाहीरपणे म्हणावं, याचा मला आदर वाटतो.

---

देवगडची_अभ्यासिका

काका, तुमी लिवलला सगळा दोनदा वाचलंय. दर्यावर्दी दादा, तुमचेय आभार. पण एक गोष्ट माका अजून समजाक नाय. १९९४ च्या वाटपातून स्थानिक सरकारांचं कर्ज वाढलं असेल, तर २०१३ ला मंत्री झाल्यावर लोउंनी ते निस्तरलं की नाही? की दोष सुधारणेचाच म्हणायचा?

---

निवृत्त_लेखापाल_दापोली

दोष सुधारणेचा म्हणणार नाही. केंद्राकडे पैसा नसता तर गरीब प्रांतांना द्यायला काहीच उरलं नसतं. काम अर्धं राहिलं, असं म्हण. उत्पन्नाची वाटणी झाली, खर्चाची राहिली. लोउ स्वतः हेच मांडत आले की केंद्राने खर्चाच्या जबाबदाऱ्या अधिक घ्याव्यात. एकूण सरकारी खर्चात केंद्राचा थेट वाटा सुमारे १५ टक्केच होता.

मंत्री म्हणून त्यांनी जे केलं ते मोठं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अंदाजपत्रक कायदा बदलला आणि प्रांतांना ठरलेल्या मर्यादेत स्वतःचे रोखे काढायची मुभा मिळाली. २०१४ अखेर मान्य केलेलं स्थानिक कर्ज १५.४ लाख कोटी युआन होतं. त्यातलं ३.२ लाख कोटी युआनचं महागडं कर्ज २०१५ मध्ये कमी व्याजाच्या रोख्यांत बदलायला परवानगी दिली. छुपं कर्ज वहीत आणणं हे लेखापालाच्या दृष्टीने अर्धी लढाई जिंकणं आहे. कर्ज दिसलं तरच त्याला मर्यादा घालता येते.

पण १ मे २०१६ ला बांधकाम, घरं, बँका, हॉटेलं या सगळ्यांवरचा स्थानिक व्यवसाय कर जाऊन व्हॅट लागला. मग व्हॅटची वाटणी ५०-५० करावी लागली. स्थानिकांचा हक्काचा मोठा कर गेला आणि त्याच्या जागी ज्याचा लोउ आग्रह धरत होते तो मालमत्ता कर देशभर आलाच नाही. २०११ पासून तो शांघाय आणि चोंगछिंग इथे प्रायोगिक स्वरूपातच आहे. आपल्याकडची घरपट्टी कितीही तोकडी असली तरी नगरपरिषदेची स्वतःची असते. ती नसेल तर जमीन विकण्याचा मोह सुटणार कसा?

ग्वीझोऊचंच पुढे काय झालं ते बघ. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या झुनयी शहराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या सरकारी कंपनीच्या १५.६ अब्ज युआन कर्जाला बँकांनी २० वर्षांची मुदत दिली, पहिली दहा वर्षं मुद्दल फेडायची नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने छुप्या स्थानिक कर्जासाठी १० लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. उत्तर लिहिताना १९९४, २०१४ आणि २०२४ ही तीन वर्षं एका रेषेत घे, आणि मालमत्ता कराचा परिच्छेद अजिबात गाळू नकोस. लिहून झालं की इथे टाक, मी आकडे तपासून देतो.