मदत हवी आहे: सोसायटीच्या गणपतीत हृदयविकारावर अर्धा तास मिळालाय, काय सांगू?

ओवा_इनो

नमस्कार मंडळी,

धनकवडीत आमची ४४ घरांची जुनी सोसायटी आहे. यंदा गणपतीत पाचव्या दिवशी आरतीनंतर मला अर्धा तास दिलाय. फलकावर 'हृदयविकार आणि आपण' लिहून सेक्रेटरी मोकळे झाले. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. विषय माझ्या गळ्यात पडला, कारण फेब्रुवारीत आमच्याच घरात घडलं.

सासूबाई, वय ६९, बारा वर्षांचा मधुमेह. रात्री साडेअकराला म्हणाल्या, जबडा दुखतोय, कसंतरीच होतंय. छातीत कळ वगैरे काही नाही. घाम मात्र इतका की ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि पंखा पाचवर. आम्ही काय केलं? ओवा दिला. मग इनो. मग मी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं (लिहितानाही लाज वाटते). दीडला उलटी झाली तेव्हा नवऱ्याने गाडी काढली. रात्री लिफ्ट बंद ठेवतात, वीजबिलासाठी, म्हणून चौथ्या मजल्यावरून त्यांना चालवत उतरवलं. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. ॲटॅकच होता, पण तिथे अँजिओप्लास्टीची, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची, सोय नव्हती. दुसरीकडे पोचेस्तोवर तीन वाजून गेले.

वाचल्या. एक स्टेंट आहे. पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय. दर संकष्टीला पर्वती चढणारी बाई आता अंघोळ झाली की दहा मिनिटं पलंगावर बसून राहते.

मागच्या वर्षी एका हॉस्पिटलचं शिबिर झालं होतं. फुकट बीपी, फुकट शुगर आणि शेवटी तपासणी पॅकेजचं कूपन. लोकांना ते कूपन तेवढं लक्षात आहे. मला तसं नको. 'तेलकट खाऊ नका' म्हटलं की पोरं वडापावच्या ताटाकडे बघून हसणार, तेही नको. मग अर्ध्या तासात नेमकं काय घ्यावं? सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं, दाखवता येईल का? आणि ग्रुपवर फिरणारी ती जिभेखालची गोळी खिशात ठेवा म्हणून सांगू की नको?

स्टेथोवाला

ताई, तुमच्या सासूबाईंची रात्र जशी लिहिलीत तशीच सांगा, दहा मिनिटं तीच. मधुमेहींत आणि बायकांत पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. घाम, मळमळ, दम, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच होतं आणि ते पित्त म्हणून खपून जातं. एरवी कधी न वाटलेलं दुखणं आणि सोबत गार घाम असेल तर आधी ईसीजी. तो नॉर्मल आला म्हणून लगेच घरी निघायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) बघतात.

जिभेखालची सॉर्बिट्रेट ज्याला त्याच्या डॉक्टरने लिहून दिली असेल त्यानेच घ्यावी. बीपी आधीच उतरलेलं असलं तर ती आणखी उतरवते. ॲस्पिरिनचा उपयोग होतो, पण ॲलर्जी असलेल्याला किंवा पोटात रक्तस्राव होऊन गेलेल्याला नाही. १०८ ला फोन लावून विचारून द्या. आणि ॲटॅक आला की 'जोरजोरात खोकत राहा' सांगणारा तो फॉरवर्ड कृपा करून बंद पाडा. ज्याला खोकता येतंय त्याला सीपीआर लागत नाही, आणि ज्याला लागतो तो बेशुद्ध असतो. तो काय खोकणार!

टेकडीकर

बारा वर्षं रोज पहाटे तळजाई टेकडी. गोळी नाही, औषध नाही. ज्याचे पाय चालतात त्याचं हृदय चालतं. भाषणात हे सांगा, बाकी सगळं पॅकेजवाल्यांचं.

स्टेथोवाला

चालणं उत्तमच. शेवटचं बीपी कधी मोजलंत?

खलबत्ता

मी ३० वर्षं नर्स होते, त्यावरून एक सांगते. बायकांना 'तंबाखू खाता का' विचारू नका. नाहीच म्हणतात, आणि त्यांना ते खोटंही वाटत नाही. 'मिसरी लावता का' विचारा. मग पदराआडून हळूच हो येतं. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. कामवाल्या मावशींनाही कार्यक्रमाला बोलवा. त्या वेळी त्या खुर्च्या मांडत असतात, त्यांना बसायला सांगा.

मिठाचं बोलून पटत नाही, दाखवावं लागतं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा, लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. तेवढं मीठ वाटीत काढून रांगेतून फिरवा. वाद होतील, होऊ द्या.

सीपीआर नक्की घ्या. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, की १०८ लावायचा आणि छातीच्या मधोमध दाबायचं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. सोसायटीत ढोलताशा पथकातलं पोरगं असेलच. त्याला मोबाईलवर ११० चा ठेका लावून ताशा धरायला सांगा. वेग डोक्यात बसतो.

टेकडीकर

मोजलं. १५८/९६. अर्ध्या तासाने परत, १५४/९४. बायकोला कळवू नये, ती याच संस्थळावर असते.

स्टेथोवाला

घाबरू नका. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या उंचीला ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. कोलेस्टेरॉल आणि शुगरही करून घ्या. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून तर राहून जातं.

टेकडीकरांची_ती

वाचलं. वही आणलीय.

ओवा_इनो

सगळ्यांचे आभार. काल कमिटीशी भांडून रात्रीची लिफ्ट सुरू करून घेतली. नंतर नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावरून उतरवून पाहिलं. खुर्ची लिफ्टमध्ये आडवी जात नाही, तिरकी जाते, आणि पाय कुणीतरी धरावे लागतात. वॉचमनला १०८ आला की काय करायचं ते सांगितलंय. रात्री अँजिओप्लास्टी होते अशी जवळची दोन ठिकाणं आधीच फोन करून विचारून घेतली, त्यांचे नंबर लिफ्टच्या दाराशी लावतेय. गेटसमोर गाडी लावणारे तळमजल्यावरचे काका मात्र अजून ऐकत नाहीत.

ताशावाला मिळाला. सीपीआरच्या सरावाचा पुतळा हवाय. कुणाच्या कॉलेजात असेल, एका संध्याकाळपुरता मिळत असेल तर निरोप टाका. न्यायला-आणायला आम्ही येऊ.