मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये कमिट राइट्स कुणाला द्यायचे?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. 2019 च्या पुरानंतर आम्ही चौघांनी मिळून एक छोटं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) ॲप सुरू केलं, कोयनेतून सोडलेलं पाणी आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी एका जागी दिसते आणि आपल्या गल्लीला किती फुटाला पाणी लागतं ते भरून ठेवलं की अलर्ट येतो. बाकीचे तिघं नोकरीला पुण्याला गेले, आता मर्ज करायचे, म्हणजे कुणी पाठवलेला बदल मूळ कोडात घ्यायचे राइट्स (हेच कमिट राइट्स) माझ्या एकट्याकडं आहेत. एका पावसाळ्यात मी तापानं दोन दिवस पडून होतो, नेमका तेव्हाच डेटा यायचा बंद झाला, दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करा अशी विनंती) तयार होती पण मर्ज करणार कोण, ॲपवर परवाचीच पातळी आजची म्हणून दिसत राहिली. पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे 40 फुटाच्या, बरंच खाली होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

दोघं डोळ्यासमोर आहेत. एक इंजिनिअरिंगचा पोरगा, लई हुशार, निम्म्याच्या वर कोड आज त्याचाच आहे, पण टेस्ट लिहायचा कंटाळा आणि रिव्ह्यूत काही विचारलं की "चालतंय की" एवढंच उत्तर. दुसऱ्या, पलूसच्या एक शिक्षिका, कोड फार थोडा, पण आलेली प्रत्येक तक्रार वाचतात, लोकांना फोन करून खरंच किती पाणी आलं होतं ते विचारतात. पोरानं पातळी वाचायचं नवीन फंक्शन लिहिलं होतं, त्यात फुटापुढचे इंच सरळ दशांशात घेतले होते. म्हणजे 43 फूट 9 इंचाचं झालं 43.9 आणि पुढच्या तासाला 43 फूट 10 इंचाचं 43.10. पाणी चढतंय आणि ग्राफ खाली! बाईंनी 2019 चे जुने आकडे टाकून बघितले म्हणून सापडलं, नाहीतर मी ते मर्ज करणारच होतो. धोका पातळी 45 फूट आहे, त्याच्या तोंडावर असं झालं असतं तर लोकांनी सामान माळ्यावर चढवायचं थांबवलं असतं.

आता पोरगा म्हणतोय पावसाच्या आधी राइट्स द्या, दोन वर्षं काम करतोय. त्याचं चुकत नाही. आणि बाई म्हणतात, "दादा, मला गिट नीट येत नाही, मला नको." (गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळायचं साधन.)

अपाची नावाच्या मोठ्या ओपन सोर्स संस्थेचं वाचलं, तिथं नुसता कोड बघत नाहीत, डॉक्युमेंटेशन नि लोकांना मदत करणंही धरतात, आणि नवीन कमिटर (कमिट राइट्स असलेला माणूस) घ्यायचा तर आधीचे लोक खासगीत चर्चा करून मत देतात. पण आमच्यात मत द्यायला मी एकटाच. दुसऱ्या बाजूला एक्सझेड नावाच्या, फाइली लहान करायच्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं प्रकरण आठवतं, 2021 पासून व्यवस्थित पॅचेस पाठवणाऱ्या जिया टॅन नावाच्या खात्याला हळूहळू मेंटेनरचे (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचे) हक्क मिळाले आणि 2024 ला त्यात बॅकडोअर (चोरदरवाजा) निघालं, ते पण एका इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (लांबून दुसऱ्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं म्हणून. तिथला मूळ मेंटेनर एकटा आणि थकलेला होता, हे वाचून मला फार लागलं. आमचा पोरगा ओळखीतला आहे, तसली शंका नाही, पण दमलोय म्हणून चावी देणं आणि विश्वास बसला म्हणून देणं यात फरक आहे ना?

माझ्या मनात असं आहे की राइट्स दोघांनाही द्यायचे, मेन ब्रँच (ॲपचा मूळ कोड) लॉक करायची, स्वतःचं स्वतः कुणी मर्ज करायचं नाही, मी सुद्धा. पातळीच्या गणिताला हात लावला तर बाईंचा होकार लागेलच, गिट मी शिकवतो त्यांना. अडचण एकच, पुराच्या रात्री दोन वाजता दुसरा माणूस फोन उचलणार नाही तेव्हा काय करायचं? तेवढ्यापुरती सूट ठेवली तर सगळी गडबड नेमकी त्याच रात्री होणार.

ज्यांनी असं छोटं प्रोजेक्ट तिघाचौघांत चालवलंय त्यांनी सांगा, इमर्जन्सीला तुम्ही काय नियम ठेवलाय? आणि पोराला हे कसं सांगू की त्याला अपमान वाटणार नाही? जूनच्या आत ठरवायचंय.